देवस्थळींच्या चौसष्ट कॅसेटी

मुरलीधर देवस्थळींनी चौसष्ट कॅसेटी तांदळाच्या गोणीत पुरल्या, तेव्हा त्यांचं डोकं पूर्णपणे ठिकाणावर होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण दुबईजवळच्या रास अल खैमातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये नंतर नाही नाही ते बोललं गेलं. मुलगी अमेरिकेला निघाली म्हणून माणूस भ्रमिष्ट झाला, असं पहिल्या मजल्यावर ठरलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर हा गृहस्थ चोरून गाणी विकायचा, असं निघालं. सिमेंट कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअरकीपर असलेल्या माणसाबद्दल, ज्याने एक वॉशरसुद्धा सहीशिवाय गेटाबाहेर जाऊ दिला नाही त्याच्याबद्दल हे बोलायचं म्हणजे कमाल झाली.

तांदळाची कल्पना त्यांची नव्हतीच मुळी. ती समोरच्या शहरबानू आपांची. वरच्या मजल्यावरच्या वासुदेव नायरचं म्हणणं होतं, ‘फ्रिज में रखो देवस्थळीसाब, मेरा वाइफ का ब्रदर ऐसा ही किया.’ त्याप्रमाणे कॅसेटी दोन दिवस फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहिल्या आणि बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटला. मग आपा म्हणाल्या, ‘अरे भाईसाहब, नायर को क्या मालूम? चावल में दबाओ, सब नमी खेच लेगा.’ देवस्थळींनी वीस किलोची बासमती आणली आणि त्यात कॅसेटी नंबरवार लावल्या. घरात मिहिकाला हे सांगायचं राहून गेलं. तिने त्या दुपारी मैत्रिणींना पुलावाला बोलावलं होतं.

‘बाबा!’ स्वयंपाकघरातून हाक आली. ‘देअर इज अ कॅसेट इन द राइस.’

‘नंबर किती?’ देवस्थळींनी विचारलं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. गोष्ट २००२ सालची. मिहिका एकोणीस वर्षांची, तिला अमेरिकेत कॉलेजला प्रवेश मिळालेला, सतरा ऑगस्टचं तिकीट काढलेलं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती कपडे निवडत बसली होती. जाड स्वेटर, पातळ स्वेटर. मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, आय कान्ट हिअर आई एनी मोअर. आय कॅन सी हर, बट देअर इज नो साउंड.’

वासंतीला जाऊन सात वर्षं झाली होती. आठ दिवसांचा ताप, आणि खलास. तेव्हा मिहिका बारा वर्षांची. देवस्थळी म्हणाले, ‘अगं, असेल की कुठेतरी आवाज, शोधू आपण.’ एवढं बोलून ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभे राहिले. कारण तो आवाज त्यांनाही आठवेना. वासंती काय काय बोलायची, कशावरून रागवायची, ते सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. पण ते सगळं त्यांच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं. बायको गेली तेव्हा माणसाला वाटतं, आता आणखी काय जायचं राहिलंय? तर हे राहिलं होतं.

शोधाला सुरुवात झाली. मिहिकाच्या वाढदिवसांच्या तीन व्हिडिओ टेप होत्या. पण त्या काळी व्हिडिओवाले शूटिंगचा मूळ आवाज काढून टाकून त्यावर सिनेमातली गाणी चढवत, तसं केल्याशिवाय गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नसे. त्यामुळे पडद्यावर वासंती केक कापणाऱ्या मुलीला काहीतरी सांगते आहे, हसते आहे, आणि वर एक हिरो तिसऱ्याच कुणाला तरी डोंगरावर बोलावतो आहे. देवस्थळी टीव्हीच्या इतके जवळ जाऊन बसले की त्यांचा चष्मा काचेला लागला. ओठ हलताना दिसले, एवढंच.

मग राहिल्या कॅसेटी. आणि कॅसेटींपाशी देवस्थळींचा गुन्हा होता.

ते आखातात आले १९७६ साली, एकटे. फॅमिली व्हिसाला पगार पुरत नव्हता. कॅम्पमध्ये सहाजण एका खोलीत. फोन परवडायचा नाही, आणि पत्रात काय, कुशल आहे, कुशल असावे, एवढंच मावायचं. म्हणून सगळे टेप पाठवत. बायका घरी टेपरेकॉर्डरपुढे बसून तासभर बोलायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून लोणच्याच्या बरणीला लागून ती कॅसेट इकडे यायची. ऐकायची, आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायची. कोरी कॅसेट कोण विकत घेणार? म्हणजे नवरा बोलला की बायको पुसली जायची आणि बायको बोलली की नवरा. शेकडो संसार त्या काळात असे एकाच पट्टीवर चालले होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

देवस्थळींनी मात्र काही कॅसेटी परत पाठवल्या नाहीत. ठेवून घेतल्या. हे ऐकून वाटेल, केवढं प्रेम! थांबा जरा.

देवस्थळींना एक वेड होतं. अमेरिकेचं. आताच्या नव्हे, १९५८ सालच्या. गिरगावात सोळा वर्षांचे असताना ते इराण्याच्या हॉटेलात ज्यूकबॉक्ससमोर उभे राहत. चार आणे टाकले की आत तबकडी उचलून ठेवणारा तो यंत्राचा हात आणि मग प्रेमात हरलेला कुणी अमेरिकन गळा काढून गायचा. चार आणे नसले तर दुसरा कुणी टाकेपर्यंत थांबायचं. केसांचा कोंबडा काढायला तिकडची पोरं क्रीम लावत. देवस्थळी खोबरेल लावत, आणि तो कोंबडा दुपारपर्यंत कपाळावर यायचा. मासिकातून कापलेली, मागे पंख असलेल्या लांबलचक मोटारींची चित्रं त्यांच्या बीजगणिताच्या वहीत होती. अमेरिकेला ते कधी गेले नाहीत, जायचा विचारही केला नाही. मिहिकाचं ॲडमिशन झाल्यावर पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला की तिकडे मोटारीत बसून सिनेमा दाखवतात ना अजून? ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘दॅट वॉज लाइक फिफ्टी इयर्स अगो.’ देवस्थळींना ते लागलं. आपलं सोळावं वर्ष पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, हे असं तोंडावर कुणी सांगू नये.

तर १९८४ साली कंपनीतला एक म्हातारा अमेरिकन साहेब कायमचा घरी निघाला. त्याच्याकडे त्या जमान्यातल्या रेकॉर्डींच्या दोन पेट्या होत्या. सामान बोटीवर चढायच्या आधी दहा दिवस त्याने त्या देवस्थळींच्या हवाली केल्या. ‘कॉपी व्हॉटेव्हर यू लाइक, मर्ली.’ दहा दिवस! आणि कॅम्पच्या दुकानात कोरी कॅसेट एकही नाही, बाजार चाळीस मैलांवर. देवस्थळींनी कपाट उघडलं. वासंतीच्या कॅसेटी होत्या. त्यांनी विचार केला, आणि तो विचार त्यांना पुढे आयुष्यभर शब्दशः आठवत राहिला: साहेबाच्या रेकॉर्डी परत मिळायच्या नाहीत, वासंती काय, पुढच्या महिन्यात परत बोलेल.

पुढच्या महिन्यात ती बोललीही. नंतर अठ्ठ्याऐंशी साली व्हिसा झाला, ती मिहिकाला घेऊन आलीच, आणि रोज बोलू लागली. मग टेपची गरज कुणाला? चौसष्ट कॅसेटी तेवढ्या राहिल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नंबर, बाजू, गाण्यांची नावं. आणि स्टोअरकीपरच्या सवयीने सगळ्याची यादी, तीन प्रतींत. दर शुक्रवारी ते ऐकायचे. शेवटचं गाणं संपलं की टक्कन बंद करून बाजू बदलायची, रिकामी पट्टी फिरवून मशीन झिजवायचं नाही. वासंती म्हणायची, ‘काय ते रडतात तुमचे अमेरिकन! यांच्या बायका टिकत का नाहीत?’ ती गेल्यावर मात्र त्यांनी एकही कॅसेट लावली नाही. धीर झाला नाही.

आता त्यांची आशा एवढीच होती की कुठेतरी गाणी कमी पडली असतील, बाजूच्या शेवटी एखादं शेपूट उरलं असेल. पण सात वर्षं दमट हवेत पडून पट्ट्या चिकटल्या होत्या. पहिली कॅसेट लावली ती डेकने गिळली. दुसरीचा तुकडा पडला. तिसरी लावायला हात होईना. त्यातून फ्रिज, त्यातून तांदूळ, त्यातून पुलाव.

शेवटी नायरनेच दुबईच्या बर दुबई भागातला जहूर सुचवला. ‘मरा हुआ कॅसेट भी जिंदा करता है.’ देवस्थळी चौसष्ट कॅसेटी एका बॅगेत, वर यादीच्या तिन्ही प्रती, असे शेअर टॅक्सीने दुबईला गेले. मीना बाजारमागच्या बोळात साड्यांच्या दोन दुकानांमध्ये जहूरचं दुकान, इतकं अरुंद की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहूनच बोलायचं. जहूरने एक कॅसेट कानाशी नेऊन हलवली. ‘हो जाएगा, चाचा. नया खोका डालूँगा, पट्टी साफ करूँगा. जुम्मे को आओ.’ चारशे दिरहॅम सांगितले. देवस्थळी मनातल्या मनात नाही, मोठ्याने म्हणाले, ‘म्हणजे पाच हजार रुपये झाले!’ आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता हो म्हणाले.

जुम्म्याला गेले तर दुकानाला सील. दारावर अरबी कागद. साडीवाला बाहेर येऊन सांगू लागला, ‘परसों छापा पडा ना! जहूर अंदर के कमरे में कॉपी बनाके बेचता था.’

‘आणि माझी बॅग?’

‘वो बॅग? वो तो सबसे पहले उठाई. साब बोला, लिस्ट के साथ है, यही होलसेलवाला है.’

देवस्थळी तिथल्या तिथे पायरीवर बसले. सव्वीस वर्षं ज्या टापटिपीबद्दल त्यांना कंपनीने तीन घड्याळं दिली, तिने असा दगा दिला.

आता सुरू झाली छापा घालणाऱ्या सरकारी ऑफिसची वारी. काउंटरमागचा अधिकारी तरुण होता, अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, वागायला सभ्य. त्याने कॉफी दिली आणि विचारलं, महिन्याला किती कॉपी विकता? देवस्थळींचे कान तापले. ते म्हणाले, ही गाणी विकायची नाहीत, ही जुनी गाणी आहेत, आमच्या वेळची. अधिकाऱ्याने यादी वाचली. त्यातलं एकही नाव त्याने ऐकलं नव्हतं. ‘अमेरिकन?’ ‘येस.’ ‘यू आर अमेरिकन?’ ‘नो सर, गिरगाव.’ त्याने कंपनीचं पत्र आणायला सांगितलं. आणि हेही सांगितलं की केस मिटली नाही तर ऑगस्टअखेर माल नष्ट होतो.

कंपनीतला कागदपत्रांचा माणूस म्हणाला, ‘हम सिमेंट का लेटर देते हैं, गाने का कैसे दें?’ चार दिवसांच्या विनवण्यांनंतर पत्र मिळालं: सदर कर्मचाऱ्याने कंपनीच्या वेळेत गाणी विकल्याचे आढळलेले नाही. टायपिंग सेंटरवाल्याने ते अरबीत केलं, शिक्के बसले, आणि देवस्थळी ते छातीशी धरून पुन्हा दुबईला गेले. अधिकाऱ्याने वाचलं. ‘गुड,’ तो म्हणाला. ‘अँड आफ्टर ऑफिस अवर्स?’

बिल्डिंगमध्ये रोज सभा भरू लागली. नायर म्हणाला, धार्मिक गाणी आहेत म्हणून सांगा. आपा म्हणाल्या, ‘रो दो. मर्द रोता है तो काम जल्दी होता है.’ देवस्थळींनी ताठ मानेने सांगितलं की आम्ही असल्या गोष्टी करत नाही.

जुलै सरला. दर खेपेला बुकरा, म्हणजे उद्या. आणि मिहिकाची बॅग भरत चालली होती. पाचव्या खेपेला देवस्थळींचा धीर सुटला. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. मागे पंधरा माणसांची रांग, समोर जाड काच, डोक्यावर घरघरणारा एसी, त्यामुळे ते तीनदा सांगावं लागलं, दर वेळी मोठ्याने. ‘माय वाइफ्स व्हॉइस, सर. अंडर द साँग्ज. शी इज डेड.’ एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत, आणि मग शेजारच्या टेबलावरची सायरा नावाची हैदराबादची मुलगी उठून आली आणि तिने ते अरबीत सांगितलं. देवस्थळींना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. इतकी वर्षं जे स्वतःशीसुद्धा धड बोलले नव्हते, ते पंधरा परक्यांपुढे ओरडून बोलले होते.

अधिकाऱ्याने मान खाली घातली, पुटपुटत दुवा म्हटली. मग म्हणाला, कायदा मला बदलता येत नाही. पण नष्ट करण्याआधी प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत ऐकून नोंद करावी लागते, असा नियम आहे. ते काम सायराचं. पट्ट्या? त्या जहूरने साफ करून ठेवल्या होत्या. बिचाऱ्याने शब्द पाळला होता. ‘इन्शाल्ला,’ अधिकारी म्हणाला.

सायरा रोज हेडफोन कानाला लावून ऐकू लागली. चौसष्ट तास म्हणजे थट्टा नाही. देवस्थळी रोज दुपारी स्टोअरमधून तिला फोन करत. ‘चाचा, अठारा हो गए. कुछ नहीं है.’ ‘चाचा, सत्ताईस.’ एकदा ती म्हणाली, ‘बुरा मत मानना, पर सब गानों में एक ही आदमी रो रहा है क्या?’ देवस्थळींना राग येणार होता, तेवढ्यात आठवलं की हे वासंतीही म्हणायची. त्यांनी फोन ठेवला आणि बेअरिंगच्या रॅकमागे जाऊन उभे राहिले. नायरचा सल्ला कधीच बरोबर निघाला नव्हता. आपांचा, रडायचा, त्यांनी आता पाळला, पण तिथे बघायला कुणी नव्हतं.

चौदा ऑगस्टला तिचाच फोन आला. ‘चाचा, सब सुन लिए. नंबर आगे-पीछे हो गए थे, सबसे आखिर में निकला छत्तीस नंबर. पहली साइड के आखिर में. औरत है. एक मिनट से कम है.’ मग म्हणाली, ‘गाना नहीं है.’

दुसऱ्या दिवशी देवस्थळी मिहिकाला घेऊन गेले. अधिकाऱ्याने पुढे कागद ठेवला, तीन प्रतींत. छत्तीस नंबरवर खाजगी बोलणं आहे, म्हणून तेवढी परत मिळेल. उरलेल्या त्रेसष्ट मी राजीखुशीने नष्ट करायला देत आहे, खाली सही. ‘शुअर?’ त्याने विचारलं.

‘बाबा, युअर साँग्ज,’ मिहिका म्हणाली. ‘ऑल ऑफ देम.’

‘असू दे गं,’ देवस्थळी म्हणाले, आणि तिन्ही प्रतींवर सह्या केल्या. इराण्याचं हॉटेल, तो कोंबडा, पंखवाल्या मोटारी, सगळं एका फटक्यात कागदावर गेलं, आणि त्यांना त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

सायराने टेबलावरचं छोटं मशीन पुढे ओढलं. एका गाण्याची शेवटची ओळ वाजली, खट्ट झालं, आणि मग वासंती बोलायला लागली.

‘...म्हणून म्हटलं, राहू दे. हां, आणि मिहिकाला वरचा दात आला. तुमचं नाव घेतलं की हसते. म्हणजे कुणाचंही नाव घेतलं तरी हसते, पण मी आपली सांगते सगळ्यांना की तुमचंच घेतल्यावर हसते...’

आवाज देवस्थळींना वाटत होता त्यापेक्षा बारीक होता. आणि ती केवढी भराभर बोलायची! हे तर ते पार विसरूनच गेले होते. मिहिकाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. ती रडत नव्हती, हसत होती, तोंड उघडं ठेवून.

‘...अगं बाई, टेप संपत आली वाटतं. ऐका, एक सांगायचंच राहिलं. कधी बोलले नाही मी हे तुम्हाला. हसू नका हं. या बाजूला मावायचं नाही. उलटी करा, सांगते.’

मशीन बंद पडलं. मिहिकाने झटकन कॅसेट काढली आणि उलटी करून घातली. सायरा हळूच म्हणाली, ‘बेटा, उस तरफ पूरा गाना ही है. मैंने आखिर तक सुना.’ तरी मिहिकाने बटण दाबलं. गिटार वाजली आणि अमेरिकन रडू लागला.

‘बट यू हर्ड इट, राइट?’ मिहिका त्यांच्याकडे वळली. ‘बिफोर यू टेप्ड ओव्हर इट. सांगा ना बाबा, काय म्हणाली आई?’

ऐकलं होतं. कॅम्पमध्ये, खाटेवर पालथं पडून, कानाशी धरून ऐकलं होतं, बहुतेक हसलेही होते. देवस्थळींनी डोळे मिटले. त्या बाजूला नऊ गाणी होती, कुठल्यामागून कुठलं येतं ते त्यांना अगदी तोंडपाठ होतं. पहिलं संपलं, दुसरं सुरू झालं. वासंती काय म्हणाली होती, ते काही केल्या त्यांना आठवेना.